ग्रंथालयाच्या काउंटरवर

देवघेवीच्या काउंटरवर आज पुस्तकांपेक्षा मोबाईलच जास्त पुढे येतायत. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाचं ग्रंथालय. रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारी एक मुलगी आपला स्क्रीन ग्रंथपालबाईंसमोर धरते. "मॅडम, काल रात्री घरी हा पेपर उघडलाच नाही. डॉलरमध्ये पैसे मागतोय."

"मागणारच. इथल्या नेटवर असलीस की प्रकाशकाला आयपी पत्त्यावरून कळतं, ही त्या विद्यापीठाची माणसं. घरून तू कोण, हे त्याला कसं कळावं?" बोलता बोलता मॅडम तिचं इन्फेडचं, म्हणजे विद्यापीठाबाहेरून वापरायच्या लॉगिनचं, खातं चालू करून देतात. पैसे भरायच्या बटणाकडे जायचंच नाही. संस्थेमार्फत लॉगिन शोधायचं, यादीतून आपलं विद्यापीठ निवडायचं, पासवर्ड टाकायचा. पीडीएफ उघडते. मुलगी उभ्या उभ्याच आकृत्या मोठ्या करून बघायला लागते.

असे पेपर मिळतात ते ज्या योजनेतून, त्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, आणि कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेकडे. एवढा पैसा संशोधनावर खर्च व्हायलाच हवा. पण तो या मुलीपर्यंत पोचतो तो आत्ता, या काउंटरवर, कुणीतरी पाच मिनिटं थांबून दाखवलं म्हणून.

मॅडमच्या टेबलावर वापराचा तक्ता पडलाय. रसायन, भौतिकी यांच्यापुढे डाउनलोडचे आकडे दाटीने आहेत. समाजशास्त्राची ओळ जवळजवळ रिकामी. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारतात आणि विभागप्रमुखांना फोन लावतात. "सर, सोमवारी तुमच्या एम.ए.च्या वर्गावर येऊ का? तासभर द्या. मुलांनी फोन घेऊन बसायचं, एवढंच."

फोन ठेवतात तोवर मराठी विभागाचा एक विद्यार्थी येऊन थांबलाय. त्याला 'नवभारत' मासिकातला साठच्या दशकातला एक लेख हवाय. अंक माहीत नाही, लेखक तेवढा माहीत आहे. त्या तेरा हजारांच्या यादीत वाईचं 'नवभारत' कुठून असणार? ग्रंथालयाचे शिपाई मामा तळघरातून बांधीव खंड आणतात, एकेक अनुक्रमणिका चाळली जाते. तिसऱ्या खंडात लेख सापडतो. त्याच्या अभ्यासापुरती पानं स्कॅन होतात.

मुलगा निघतो, पण मॅडम खंड परत पाठवत नाहीत. कॅटलॉग उघडून लेखाचं नाव, लेखक, महिना, पृष्ठं अशी नोंद टंकतात, म्हणजे पुढच्याला हाच लेख नावावरून सापडेल. ग्रंथालयाच्या पैशातला आणि मनुष्यबळातला मोठा वाटा या कामाला मिळायला हवा, असं मला इथे बसून ठामपणे वाटतंय. मराठीतलं हे लेखन कुठलाही परदेशी प्रकाशक आपल्याला विकणार नाही. ते आपणच शोधण्याजोगं करायचं आहे.

"बाकीचे लेखही घेऊ का याच खंडातले?" मामा विचारतात.

"घ्या. तुम्ही वाचा, मी टंकते."