बांध दोघांचा, कुंपण कुणाचं?

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की बांधाचा विषय निघतोच. एक म्हणते, "शेजारचे दर उन्हाळ्यात नांगराचं एक तास आमच्यात घेतात." दुसरी विचारते, "तारेचं कुंपण आम्ही केलं, निम्मा खर्च त्यांनी द्यायला नको का?" आज या दोन्ही प्रश्नांबद्दल बोलू या.

आधी एक फरक लक्षात घ्या. हद्द वेगळी आणि कुंपण वेगळं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे आपल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा, म्हणजे दगड वगैरे, सांभाळणं आणि दुरुस्त ठेवणं ही जमीनधारकाची जबाबदारी आहे. तुमची तशीच शेजाऱ्याचीही. खूण मुद्दाम उपटली किंवा हलवली तर दंड होतो.

कुंपणाचं तसं नाही. शेजाऱ्याने निम्मा खर्च दिलाच पाहिजे, असं या संहितेत कुठेही म्हटलेलं नाही. ज्याला कुंपण हवं त्याने ते आपल्या हद्दीच्या आत, आपल्या खर्चाने करायचं. दोघांनाही हवं असेल तर खांब रोवण्याआधी बोलून घ्या. "अण्णा, तार आम्ही आणतो, खांब तुम्ही द्या," असं ठरलं तर ते कागदावर उतरवा. कुंपण कुठून जाणार, कोण किती खर्च करणार, पुढे दुरुस्ती कोण करणार, हे लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. एकेक प्रत दोघांकडे ठेवा.

कुंपण आपल्या जागेत असलं तरी काही बंधनं आहेत. वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवता येत नाही. कुणी अडवलाच तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. "बघू दिवाळीनंतर" म्हणत बसू नका. आणि रानडुकरांसाठी कुंपणात विजेच्या लाइनचा करंट कधीही सोडू नका. पहाटे पाणी द्यायला गेलेलं माणूस त्याला चिकटून जीव गमावतं. मग सोडणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो.

आता बांध कोरण्याबद्दल. हद्द नक्की कुठे, हे भांडून ठरत नाही, ते मोजणीने ठरतं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून फी भरायची. शेजारच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन मोजणी करतो आणि खुणा दाखवतो. त्या दिवशी शेतात स्वतः हजर राहा. मोजणीनंतर मिळणारी नकाशाची 'क' प्रत जपून ठेवा. मोजणी पटली नाही तर वरिष्ठांकडून फेरमोजणी, म्हणजे निमताना मोजणी, मागता येते. मात्र भूकरमापक हद्द दाखवतो, अतिक्रमण काढून देत नाही. त्यासाठी तहसीलदार किंवा दिवाणी न्यायालयाकडे जावं लागतं. म्हणून कुंपण घालायच्या आधी मोजणी करा. नाहीतर खांब रोवायचे, मग उपटायचे, असा दुहेरी खर्च होतो.

इथे खरी अडचण आपल्या नावाची आहे. नवरा वारला, जमीन बाई कसते, पण सातबाऱ्यावर अजून त्याचंच किंवा सासऱ्यांचं नाव. मग मोजणीचा अर्जच अडतो. म्हणून आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

आणि गप्प बसण्याची किंमत मोठी असते. कुणी आपल्या जमिनीवर उघडपणे, स्वतःचा हक्क सांगत सलग १२ वर्षं ताबा ठेवला आणि आपण कोर्टात गेलो नाही, तर ती परत मागण्याची मुदत संपू शकते. दरवर्षी एक तास, असं करत करत एक पट्टाच जातो.

कोर्टाचं नाव काढलं की वकिलाच्या फीची धास्ती वाटते. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करून विचारा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला सातबारा आणायचा. जिला वाचता येतं तिने बाकीच्यांना वाचून दाखवायचं. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, ते बघू. आणि पेरणीच्या आधी एकदा आपल्या शेताच्या चारही बाजूंनी फिरून या. दगड जागेवर आहेत ना, ते डोळ्यांनी पाहून या. हलला असेल तर शेजारच्या भाऊंना लगेच आणि गोडीने सांगा. बांधावरचं बोलणं बांधावरच मिटलं, तर दोन्ही घरांचं भलं होतं.