सुईणीची बिदागी

घरी बाळंतपण करणाऱ्या सुईणीला काय द्यावयाचे, हा प्रश्न महाराष्ट्रातील खेड्यांत कित्येक पिढ्या कोणाला फारसा पडला नाही. चार पायल्या ज्वारी, एक लुगडे, चोळीचा खण, नारळ आणि घर खाऊनपिऊन सुखी असेल तर वर थोडी रोख रक्कम. मुलगा झाला तर हात काहीसा सैल, मुलगी झाली तर आखडता. एवढ्या बिदागीत सुईण रात्री-अपरात्री हाकेसरशी येई, कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत पहिलटकरणीच्या पाठीशी बसे, नाळ कापी आणि पुढे दहा-बारा दिवस बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊमाखू घाली. तासांचा हिशेब मांडला तर शेतमजुरीही याहून बरी पडावी. पुष्कळ गावी ती मातंग समाजातील असे, काही ठिकाणी न्हावी समाजातील. जे काम सर्वांत निकडीचे, तेच विटाळाचे ठरवायचे आणि ते करणारीला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही आपल्या समाजाची किमया जुनीच आहे. बाळाला पहिला स्पर्श जिच्या हाताचा, तिला बारशाच्या पंगतीत मानाचे पान मिळेलच अशी खात्री नसे.

तथापि ही बिदागी ठरे ती बाळंतपण सुरळीत पार पडेल असे गृहीत धरून. मूल आडवे आले, वार अडली किंवा रक्तस्राव थांबेना, म्हणजे सुईणीच्या अनुभवाची सीमा संपे. मग बैलगाडी जुंपायची, तालुक्याची वाट धरायची, आणि तेथे डॉक्टर जागेवर असला तर नशीब. या प्रवासाची, औषधांची, शस्त्रक्रियेची तरतूद ज्वारीच्या पायल्यांत कधीच नव्हती; ती उणीव बाळंतीण आपल्या प्राणांनी भरून काढी. नाळ विळ्याने कापली गेली आणि बाळ धनुर्वाताने दगावले, तर दोष सटवाईच्या लेखाला. घरचे बाळंतपण पूर्वी किती स्वस्त होते, असे आज कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा त्या जमाखर्चाचे एकच पान वाचलेले असते.

सरकारनेही पुढे हेच पान उचलले. सुईणींना शिकवून तयार करण्याचा विचार आपल्याकडे इंग्रजी अमदानीतच सुरू झाला. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये उभारलेला व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी त्याचसाठी होता. स्वातंत्र्यानंतर, १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेच्या सुमारास, दाई-प्रशिक्षणाला देशव्यापी स्वरूप आले. तीस कामकाजाच्या दिवसांचे शिक्षण, त्या काळात तीनशे रुपये विद्यावेतन, शेवटी एक प्रमाणपत्र आणि प्रसूतीच्या साहित्याची पेटी. त्यानंतर आरोग्य केंद्रात नोंदलेल्या प्रत्येक बाळंतपणामागे दहा रुपये आणि नोंदविलेल्या प्रत्येक अर्भकामागे तीन रुपये. हे आकडे सरकारी योजनेतले आहेत, म्हणून ते विनोदी वाटले तरी विनोदाने घेता येत नाहीत. दाईने मदत करावी, धोक्याची लक्षणे ओळखावीत, नाळ निर्जंतुक पात्याने कापावी, नोंद करावी, या साऱ्याचे मोल दहा रुपये. धोक्याची लक्षणे ओळखल्यावर पुढे काय करायचे? जीप कोणाची, तिचे पेट्रोल कोणाचे, रुग्णालयात रक्ताची बाटली कोठून यायची? दाईला शिकविण्याचा खर्च सरकारने केला. दाईच्या पाठीमागे जे उभे असायला हवे होते, ते उभे करण्याचा खर्च मात्र पुष्कळ काळ टळत राहिला.

प्रशिक्षण व्यर्थ गेले असे मात्र म्हणता येणार नाही. नगर जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात बाळाची घरीच शुश्रूषा करण्यास शिकविले आणि त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात नोंदले गेले. पण या दोन्ही ठिकाणी गावातल्या बाईच्या मागे डॉक्टर होते, औषध होते, पुन्हापुन्हा येणारी देखरेख होती. ती काढून घेऊन नुसती पेटी हाती दिली, तर पेटी माळ्यावर जाते.

२००५ मध्ये वारे फिरले. जननी सुरक्षा योजनेने पैसा दाईकडून काढून रुग्णालयाच्या दाराशी ठेवला. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण स्त्रीला रुग्णालयात प्रसूतीसाठी ७०० रुपये; दारिद्र्यरेषेखालील स्त्री घरी बाळंत झाली तर ५००. २०११ पासून सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, शस्त्रक्रियेसह, विनामूल्य झाले, नेण्या-आणण्याचे वाहनही. परिणाम सर्वांसमोर आहे. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील चारांतील जेमतेम एक बाळंतपण दवाखान्यात होत होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण देशात ८८.६ आणि महाराष्ट्रात ९४.७ टक्क्यांवर पोहोचले. महाराष्ट्रातील मातामृत्यूंचे प्रमाण २०१८-२० मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. या आकड्यांपुढे जुन्या सुईणीसाठी नुसते गहिवरणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

मात्र त्याच पाहणीत दुसराही एक आकडा आहे. महाराष्ट्रात शंभरांतील पंचवीसहून अधिक बाळंतपणे पोटावर शस्त्रक्रिया करून झाली. यातील किती खरोखर निकडीची आणि किती सोयीची, हा वाद डॉक्टरांनीच डॉक्टरांशी घालावा. परंतु मोठ्या शहरांतील काही सुशिक्षित, सुस्थित स्त्रियांना रुग्णालयाची ही घाई नकोशी झाली आहे आणि त्या स्वखर्चाने सुईण नेमून घरीच बाळंत होऊ इच्छितात, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. त्यांची संख्या थोडी आहे. पण ही थोडी मंडळी जो प्रश्न विचारतात तो थोर आहे: सुईणीने मागितलेल्या रकमेत नेमके काय काय येते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर इंग्लंडकडे पाहणे उपयोगी ठरेल, कारण तेथे तो पूर्णपणे सोडवून पाहिला गेला आहे. तेथे १९०२ च्या कायद्याने सुईणीचा व्यवसाय नोंदणीकृत झाला आणि १९३६ च्या कायद्याने पगारी सुईणी पुरविण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. आज राष्ट्रीय आरोग्य सेवेची सुईण घरी येते ती फुकट. तरीही काही स्त्रिया काही हजार पौंड मोजून खासगी सुईण नेमतात. कारण पहिल्या तपासणीपासून बाळ काही आठवड्यांचे होईपर्यंत ओळखीची एकच बाई सोबत असावी, एवढीच त्यांची मागणी असते आणि सरकारी पाळीपद्धतीत ती पुरी होतेच असे नाही. सुईणीलाही हे स्वस्तात परवडत नाही. बाळंतपण केव्हा सुरू होईल याचा नेम नसल्याने तिला महिन्यात मोजकीच घरे घेता येतात. आठवडेच्या आठवडे गाव सोडता येत नाही. ऐन वेळी दुसरी सुईण मदतीला बोलवावी लागते, आणि तिचेही पैसे याच रकमेतून जातात.

खरी गाठ मात्र विम्यापाशी पडली. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या मेंदूला इजा झाली तर त्याच्या जन्मभराच्या शुश्रूषेची भरपाई लाखो पौंडांच्या घरात जाते. अशा थोड्याशा सुईणींचा असा मोठा धोका पत्करण्यास विमा कंपन्या तयार होईनात. पुढे २०१४ मध्ये विम्याविना व्यवसाय करणे कायद्याने बंद झाले. सुईणींच्या संघटनेने आपली स्वतंत्र व्यवस्था केली, ती नियामक मंडळाने जानेवारी २०१७ मध्ये अपुरी ठरविली. आपल्या अशिलाची नऊ महिने काळजी घ्यावी, नंतरही घ्यावी, पण प्रत्यक्ष जन्माच्या क्षणी सुईण म्हणून तेथे असू नये, अशी विलक्षण अवस्था त्या सुईणींच्या वाट्याला आली. पुढे काहींनी संस्थांच्या छत्राखाली विम्याची निराळी सोय केली. या साऱ्यातून एक गोष्ट उघड झाली, की सुईणीच्या कौशल्याची किंमत देता येण्याजोगी होती. न पेलणारी किंमत होती ती अनर्थ घडला तर जबाबदारी कोणाची, या प्रश्नाची.

आणि अनर्थाची शक्यता कल्पनेतली नाही. इंग्लंडमध्येच चौसष्ट हजारांहून अधिक कमी धोक्याच्या बाळंतपणांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी मूल झालेले होते अशा स्त्रियांच्या बाबतीत घर आणि रुग्णालय यांत बाळाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र बाळावरील गंभीर प्रसंगांचे प्रमाण रुग्णालयात हजारी ५.३ तर घरी ९.३ भरले, आणि घरी बाळंत होण्याचे ठरविलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के अखेरीस रुग्णालयात न्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी याच अभ्यासातील खर्चाचे आकडे आले: घरी ठरविलेल्या बाळंतपणाचा सरकारी तिजोरीवरचा सरासरी बोजा १०६६ पौंड, रुग्णालयातल्याचा १६३१. घरचे बाळंतपण तेथे स्वस्त पडते हे खरे. पण त्या आकड्यात रुग्णवाहिका आणि रुग्णालयाची खाट धरलेली आहे.

हॉलंडने याच शहाणपणाची व्यवस्था करून ठेवली. सुईणीचा खर्च तेथे सक्तीच्या आरोग्यविम्यातून भागतो, प्रसूतीनंतर घरी शुश्रूषा करणारी बाईसुद्धा थोड्याशा वर्गणीत आठवडाभर येते, आणि वैद्यकीय कारण नसताना रुग्णालयात बाळंत व्हायचे तर वरचे पैसे स्त्रीनेच भरायचे. देश लहान, रस्ते उत्तम, रुग्णालय जवळ. तरीही तेथील घरच्या बाळंतपणांचे प्रमाण गेल्या काही दशकांत पुष्कळच घटले आहे.

आता मुंबई-पुण्यातील सदनिकेत सुईण नेमणाऱ्या कुटुंबाकडे पाहावे. दाराशी मोटार असते, दहा मिनिटांवर रुग्णालय असते, तेथील डॉक्टरांशी आधी बोलणे झालेले असते आणि शस्त्रक्रियेचे पैसे बँकेत असतात. सुईणीला दिलेली रक्कम हा त्या बाळंतपणाचा सर्वांत लहान खर्च असतो. हेच घरचे बाळंतपण मेळघाटात किंवा धडगावच्या डोंगरात होते तेव्हा ते निवडलेले नसते. पावसाने ओढा अडविलेला असतो, गाडी पाड्यापर्यंत पोहोचत नाही, झोळी करून बाईला रस्त्यापर्यंत आणावे लागते. दोघी घरी बाळंत झाल्या, अशी नोंद कागदावर सारखीच होईल.

म्हणून सुईणीची बिदागी वाढविली की प्रश्न मिटला, असे समजण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसाविका-सेवेचा आराखडा जाहीर केला. परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन सरळ बाळंतपणे त्यांच्याच हाती सोपवावीत, असा त्याचा आशय आहे. तेलंगणाने तर त्याआधीच या दिशेने पाऊल टाकले होते. २०२३ च्या परिचर्या व प्रसाविका आयोगाच्या कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र नाव मिळाले. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु आपल्या साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविकेची कथा विसरून चालणार नाही. तिच्या नावातच प्रसाविका होती. १९७३-७४ नंतर तिला बहुउद्देशीय केले गेले, आणि कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे, लसीकरण व नोंदवह्या यांच्या ओझ्याखाली बाळंतपण हा उद्देश तेवढा दबून गेला. नव्या प्रसाविकेला निश्चित वेतन, मर्यादित कार्यक्षेत्र, वर्षभर चालणारे वाहन आणि हाकेला ओ देणारे रुग्णालय मिळणार नसेल, तर तिचेही दुसरे काही होणार नाही. यासाठी लागणारा पैसा अर्थसंकल्पात प्रसाविकेच्या पगाराच्या रकान्यात दिसणार नाही. तो रस्त्याच्या, रक्तपेढीच्या आणि भूलतज्ज्ञाच्या रकान्यात शोधावा लागेल.

आणि जुन्या दाया? आदिवासी भागासाठी १९९५ मध्ये सुरू झालेल्या नवसंजीवन योजनेत त्यांच्या बैठकांची सोय होती, म्हणजे त्यांचे अस्तित्व कोणीतरी मान्य केले होते. त्यांनी नाळ कापावी असा आग्रह आज कोणी धरणार नाही. परंतु कळा देणाऱ्या बाईबरोबर रुग्णालयात जाणे, तिच्या बोलीत तिच्याशी बोलणे, तिला धीर देणे हे काम अजूनही त्यांच्याइतके कोणी करू शकत नाही, आणि त्याला मोल देण्यास कोणत्याही विमा कंपनीची अनुमती लागत नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर मध्यरात्री कळा सुरू झाल्या की पहिली हाक पुष्कळदा शेजारच्या दाईलाच जाते. ती येते. तिला काय द्यायचे, हे त्या घरच्या कणगीत काय उरले आहे यावर ठरते.