हाताशी आलेला मुलगा
('वेक अप सिड' या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने)

मराठीत 'वयात येणे' हा शब्दप्रयोग शरीरापुरता आहे. मनाने मोठे होण्याची हकीकत सांगायची झाली म्हणजे आपल्या घरांतून निराळे शब्द निघतात. 'मुलगा हाताशी आला', असे आई समाधानाने म्हणते. 'अजून मार्गी लागला नाही', असे बाप पाहुण्यांपुढे जरा खालच्या आवाजात सांगतो. मार्गी लागणे म्हणजे नोकरी लागणे. त्याचा पुरावा कागदावर दाखविता येतो. हाताशी येणे याला मात्र पुरावा नाही. घरातला एक माणूस आजवर घेत होता, तो आता थोडे उचलू लागला, एवढेच त्यात अभिप्रेत असते. एखादा मुलगा मार्गी लागूनही हाताशी येत नाही, हे तर आपण सर्वांनीच पाहिलेले आहे. २००९ च्या २ ऑक्टोबरला प्रदर्शित झालेला 'वेक अप सिड' हा हिंदी चित्रपट नेमक्या याच अंतराविषयी आहे. तरुण मंडळींचा हलकाफुलका चित्रपट म्हणून तो पाहिला गेला, तसा तो आहेही. परंतु त्याच्या पोटात जो प्रश्न आहे तो मुळीच हलका नाही.

दिग्दर्शक अयान मुखर्जी यांचा हा पहिलाच चित्रपट. मुंबईतल्या एका श्रीमंत कारखानदाराचा मुलगा सिद्धार्थ मेहरा, म्हणजे सिड, कॉलेजच्या शेवटच्या वर्षात आहे. वडिलांचा न्हाणीघराच्या सामानाचा भरभराटीचा धंदा आहे आणि मुलाने तो पुढे चालवावा ही त्यांची स्वाभाविक इच्छा. मुलगा नव्या मोटारीच्या आशेने काही दिवस कचेरीत जाऊन बसतो आणि कंटाळून उठतो. परीक्षेत नापास होतो. बापलेकांचे कडाक्याचे भांडण होते, आणि रागाच्या भरात घर सोडून तो आयेशा बॅनर्जी या नुकत्याच ओळख झालेल्या मुलीच्या छोट्या भाड्याच्या घरी येऊन थडकतो. पुढे एका मासिकात छायाचित्रे काढण्याचे काम त्याला मिळते आणि हळूहळू तो माणसात येतो. रणबीर कपूर, कोंकणा सेन शर्मा, वडिलांच्या भूमिकेत अनुपम खेर आणि आईच्या भूमिकेत सुप्रिया पाठक, अशी पात्रयोजना आहे. कथा एवढीच.

व्यापाऱ्याचा मुलगा बापाच्या धंद्याला पाठ दाखवितो आणि भटकत भटकत स्वतःला सापडतो, ही गोष्ट काही नवी नाही. जर्मन कवी गटे याने १७९५-९६ साली विल्हेल्म माइस्टर नावाच्या तरुणाच्या उमेदवारीची कादंबरी लिहिली. तोही व्यापाऱ्याचाच मुलगा; वसुलीच्या कामाला निघतो आणि नाटकमंडळीत रमतो. तेव्हापासून युरोपीय साहित्यात अशा कादंबऱ्यांचा एक वंशच चालू झाला, आणि जर्मन भाषेने त्याला 'बिल्डुंग्सरोमान' असे भारदस्त नाव दिले. माणूस घडत जाण्याची कादंबरी, एवढाच त्याचा अर्थ. या वंशातल्या नायकाला एक सोय नेहमी लागते: चुकण्यापुरता वेळ. आणि वेळ फुकट मिळत नाही. कोणीतरी त्याचे पैसे भरीत असतो.

हिंदी चित्रपटाच्या नायकाला ही सोय फार वर्षे नव्हती. १९५५ च्या 'श्री ४२०' मधला राज पदवी आणि प्रामाणिकपणाबद्दल मिळालेले पदक घेऊन अलाहाबादेहून मुंबईला येतो, आणि आल्या आल्या ते पदक गहाण ठेवतो. त्याला काय करायचे हे ठाऊक होते. करायला कोणी देत नव्हते. बेकार आणि दिशाहीन यांत हा मोठाच भेद आहे. योगायोग असा, की त्या राज कपूर यांचाच नातू चोपन्न वर्षांनी सिड झाला. आजोबांच्या नायकाजवळ इच्छा होती आणि खिसा रिकामा होता. नातवाच्या नायकाचा खिसा भरलेला आहे, इच्छेचाच पत्ता नाही. 'श्री ४२०' मधली ती जुनी भूमिका, म्हणजे परगावाहून सामान घेऊन मुंबईत उतरणाऱ्या होतकरू माणसाची, 'वेक अप सिड' मध्ये नाहीशी झालेली नाही. ती आयेशाकडे गेली आहे. ती कोलकात्याहून लेखिका व्हायला येते, भाड्याची जागा मिळविते, नोकरी धरते. मुंबईत येऊन उभे राहण्याची खरी कथा तिची आहे, नावात मात्र सिड आहे. याचे मला राहून राहून नवल वाटते.

सिड बदलतो तो कशाने? उपदेशाने नव्हे, हे तर उघडच; उपदेश बापाने भरपूर केला होता. प्रेमानेही नव्हे, निदान आरंभी तरी नव्हे. तो आयेशाच्या घरात पसारा करतो आणि ती चिडते, इथे त्याच्या बदलाला खरी सुरुवात होते. बापाच्या घरात त्याने टाकलेली वस्तू कोणीतरी उचलीत होते, म्हणून ती टाकली गेली हे त्याला कधी कळलेच नव्हते. दिवसभर राबून आलेल्या मुलीच्या दोन खोल्यांत ते कळते. मग तो घर आवरायला शिकतो, अंडे तळायला शिकतो. आपल्याकडे पुरुषाचे मोठे होणे नेहमी उंबऱ्याबाहेर दाखविण्याची रीत आहे: रणांगण, मैदान, बाजार. या चित्रपटाने ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी आणून ठेवले, हे मला त्याचे सर्वांत मोठे धाडस वाटते. छायाचित्रणाची नोकरी नंतर येते. ती कथेची गरज आहे. ओटा ही त्या मुलाची गरज होती.

या संदर्भात २००४ चा 'लक्ष्य' आठवल्यावाचून राहत नाही. फरहान अख्तर यांचा तो चित्रपट, लेखन जावेद अख्तर यांचे. दिल्लीच्या सुखवस्तू घरातला करण शेरगिल हाही असाच कशाचे काही न करणारा. मित्राच्या नादाने सैन्याकडे वळतो, डेहराडूनच्या शिस्तीला कंटाळून पळून येतो, आणि 'तुझ्यावर विसंबता येत नाही' हे प्रिय मुलीच्या वागण्यातून कळल्यावर पुन्हा परत जातो. पुढे १९९९ च्या कारगिल युद्धात तो स्वतःला सिद्ध करतो. (त्याचे कर्नल अमिताभ बच्चन, आणि आडनाव दामले. आपल्याला तेवढेच समाधान!) 'लक्ष्य' मध्ये मुलाला एक संस्था घडविते. तिच्याकडे गणवेश आहे, आज्ञा आहे, समोर चढायचे शिखर आहे. सिडपुढे शिखर नाही. सकाळी उठून चहाचा कप आपण विसळायचा की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. पहिला मार्ग पाहताना छाती फुगते. दुसरा अधिक माणसांच्या वाट्याला येतो.

चित्रपटाच्या अखेरीकडे सिड आपल्या पहिल्या पगाराचा धनादेश घेऊन वडिलांच्या कचेरीत जातो. त्या माणसाच्या उलाढालीत ती रक्कम कुठे दिसणारही नाही. अनुपम खेर यांनी तो प्रसंग फार संयमाने केला आहे. बापाला पैसे मिळाले नाहीत, मुलगा मिळाला, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येते. आईशी झालेला समेट मात्र मला यापेक्षा अवघड वाटतो. मुलाच्या जवळ जाता यावे म्हणून ती बिचारी मोडके इंग्रजी बोलत राहते आणि तो तिला झिडकारतो. बापाशी भांडणे याला निदान बंडाची प्रतिष्ठा आहे. आईला झिडकारणे हे निव्वळ उर्मटपण. तेही त्याला दिसू लागते, तेव्हा तो जाणता झाला असे म्हणायला हरकत नाही.

आता आक्षेपाकडे वळतो, कारण तो टाळण्यासारखा नाही. चित्रपट प्रदर्शित होताच मुंबईला 'बॉम्बे' म्हटल्यावरून वाद झाला आणि निर्माते करण जोहर यांनी दिलगिरी व्यक्त केली. नावाचा वाद गाजला; शहर कोणाचे दाखविले आहे, हा प्रश्न बाजूलाच पडला. नापास झालेल्या मुलाला मैत्रिणीच्या ओळखीने मासिकात उमेदवारी मिळावी, ही सोय किती जणांना आहे? पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करीत बसलेली खेड्यापाड्यांतली मुले पाहा. त्यांना दिशा नाही असे कोण म्हणेल? दिशा एकच आहे, तीही अरुंद, आणि तिच्यावरून चालता चालता वर्षे निघून जातात. त्यांच्यापैकी एखाद्याने सिडसारखे 'मला काय करायचे ते कळत नाही' असे घरी कळविले, तर तिकडे शेत गहाण पडलेले असते.

आपल्या भाषेने हा प्रश्न फार आधी विचारला होता. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' मधला, १९६३ सालचा पांडुरंग सांगवीकर, शेतकरी बापाच्या पैशावर पुण्यात शिकायला जातो, पैसा उधळतो, अपयश घेऊन गावी परततो. त्याच्या हाती कोणी कॅमेरा दिला नाही. बापाशी त्याचा हिशेब शेवटपर्यंत पुरता मिटत नाही. 'कोसला' वाचून उठल्यावर 'वेक अप सिड' पाहिला तर तो जरा गोडच लागेल, हे कबूल केले पाहिजे. तरी त्याला खोटा मी म्हणणार नाही. श्रीमंताच्या मुलालाही कोणीतरी आपला पसारा आपण उचलायला लावावा लागतो, आणि ते घडण्याची शक्यता गरिबाच्या मुलापेक्षा कमीच असते.

खुद्द दिग्दर्शकालाही तो गोडवा पुढे पुरेसा वाटला नसावा, असा माझा तर्क आहे. अयान मुखर्जी यांचा दुसरा चित्रपट 'ये जवानी है दीवानी' २०१३ साली आला. नायक पुन्हा रणबीर कपूर. या वेळी मुलाला काय हवे ते पक्के ठाऊक आहे. जग पाहायला तो निघून जातो, आणि फारूक शेख यांनी उभे केलेले ते सौम्य वडील त्याला हसतमुखाने जाऊ देतात. ते वारतात तेव्हा मुलगा दूर कुठेतरी प्रवासात असतो. मग कितीतरी काळाने तो त्या घरी येतो, तेव्हा दार उघडायला सावत्र आई असते.