ओढण्यापेक्षा थांबवणं अवघड
धानाची मळणी झाली की आरमोरी, वडसा, कुरखेडा भागातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. ट्रॅक्टर घेताना चर्चा होते ती अश्वशक्तीची, म्हणजे ओढण्याच्या ताकदीची. खरा प्रश्न मात्र थांबण्याचा आहे. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे उतारावर ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि भरलेली ट्रॉली त्याला मागून ढकलत राहते. दोन्ही सरळ रेषेत नसतील, तर जोडापाशी घडी पडून ट्रॅक्टर आडवा होऊ शकतो. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, न्यूट्रल करू नये आणि शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येताच एकमेकांना जोडून घ्यावेत.

‘ट्रॅक्टर हळूच तर चालतो,’ असा आक्षेप घेतला जाईल. पण वेग ताशी 15 किलोमीटरवरून 30 वर गेला, की तीच ट्रॉली थांबवायला ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते. शिवाय रात्री हळू चालणं हाच धोका ठरतो; जंगलातल्या अंधाऱ्या रस्त्यावर दिवा नसलेली ट्रॉली मागच्या दुचाकीस्वाराला फार उशिरा दिसते. खर्चाची सबबही टिकत नाही. रिफ्लेक्टरची पट्टी स्वस्त असते आणि पोती मागच्या टोकाला न रचता भार चाकांच्या किंचित पुढे ठेवायला तर काहीच लागत नाही. छोट्या कारमागे ट्रेलर जोडणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे: किती ओढता येतं यावर नव्हे, किती सुरक्षित थांबवता येतं यावर भार ठरवावा.