नोकरीचा सातबारा

सातबारा म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जमीन बापजाद्यांची असो, स्वतः कसलेली असो. उताऱ्यावर नाव नसेल तर सोसायटी कर्ज देत नाही आणि वाटणी सरळ होत नाही. वारसाची नोंद वेळेवर केली नाही, तर एका पिढीचा आळस पुढच्या पिढीला कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावतो. म्हणून आपला शेतकरी वर्षातून एकदा तरी उतारा काढून पाहतो.

पण त्याच घरातला मुलगा शिक्षक झाला, सून महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक लागली, धाकटा प्रयोगशाळेत परिचर झाला, तर त्यांच्या नोकरीचाही एक सातबारा असतो. तो मात्र वीस-वीस वर्षे कोणी उघडून पाहत नाही. त्याचे नाव सेवापुस्तक. आज त्याचीच माहिती घेऊ.

आपल्या या दोन तालुक्यांत नोकरदार माणूस थोडा नाही. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या गावांत महाविद्यालये आहेत. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाशी, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी, ती जोडलेली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळा वाडीवस्तीपर्यंत गेलेल्या आहेत. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात आश्रमशाळा आहेत. या सगळ्या ठिकाणी काम करणाऱ्यांचे नियम थोडे थोडे वेगळे. पण सेवापुस्तकाचे महत्त्व सगळीकडे सारखेच.

आता या पुस्तकात असते काय? पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शिक्षण, शरीरावरची खूण, सही, बोटांचे ठसे. पुढे नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याची तारीख, वैद्यकीय दाखला, जातवैधता, वेतनश्रेणी, दरवर्षीची वेतनवाढ, बदली, बढती, वेतन आयोगाप्रमाणे झालेली वेतननिश्चिती. शेवटी रजेचा हिशेब, गटविम्याची नोंद आणि नामनिर्देशन. शेताच्या उताऱ्यावर जसा मालक, पीक आणि बोजा दिसतो, तसा माणसाच्या सबंध नोकरीचा इतिहास येथे दिसतो. निवृत्तीच्या वेळी हिशेब तपासणारा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही पावसापाण्यात किती वर्षे शाळा उघडलीत, हे त्याला ठाऊक नाही. तो पुस्तक पाहतो. त्यात जे लिहिले आहे तेवढेच त्याच्या लेखी घडले.

हे जरा कठोर वाटेल, पण लिहून ठेवण्याची ही रीत या मुलखाला नवी नाही. जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार अशा धंदेवाल्यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. कोणी दान दिले, काय दिले, ठेव कोणाच्या हवाली केली, हे दगडावर कोरून ठेवले आहे. आपल्याला दगड फोडायचा नाही. पुस्तकात एक ओळ लिहून घ्यायची आहे.

एक ओळ राहिली तर किती फरक पडतो, ते आता हिशेबाने पाहू. जुन्या निवृत्तिवेतन नियमांखाली येणाऱ्या कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी उपदान मिळते. पूर्ण झालेल्या प्रत्येक सहा महिन्यांच्या सेवेसाठी वेतनाचा चौथा हिस्सा, आणि जास्तीत जास्त साडेसोळा महिन्यांचे वेतन, असा त्याचा नियम; शिवाय शासनाने ठरवलेली रकमेची कमाल मर्यादाही असते. समजा, एखाद्याची सेवा अठ्ठावीस वर्षे झाली. म्हणजे सहामाही छप्पन्न. छप्पन्नाला चाराने भागले की चौदा महिन्यांचे वेतन. आता यातली सुरुवातीची दोन वर्षे पुस्तकात पडताळलेलीच नाहीत असे निघाले, तर चार सहामाही गळतात आणि एक महिन्याचे सबंध वेतन हातचे जाते. सेवेत खंड दिसला, किंवा बिनपगारी रजा मंजूर झाल्याचा आदेश सापडला नाही, की निवृत्तिवेतनाचे प्रकरणच अडून राहते. पैसे कमी मिळणे ही एक गोष्ट. पण माणूस घरी बसला, पगार थांबला आणि निवृत्तिवेतन सुरू झाले नाही, हे दुखणे त्याहून मोठे. मुलीचे लग्न, घरातले आजारपण, सोसायटीचा हप्ता यांतले काहीच थांबत नाही.

हे टाळण्यासाठी नियमांनीच सोय केलेली आहे. सेवापुस्तकाच्या दोन प्रती असतात. मूळ प्रत कार्यालयात आणि दुय्यम प्रत कर्मचाऱ्याकडे. कार्यालयाने दरवर्षी सेवेची पडताळणी करून तसा शेरा लिहायचा असतो, आणि पुस्तक कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते. तेव्हा पुस्तक पाहायला मागणे म्हणजे मुख्याध्यापकांवर किंवा प्राचार्यांवर अविश्वास दाखवणे नव्हे. तो आपला हक्क आहे, आणि कार्यालयाचेही त्यात हितच आहे.

दुय्यम प्रत का हवी, हे आंबेगाव तालुक्याला वेगळे सांगायला नको. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेवर माणसे गेली. जिथे घरेच राहिली नाहीत तिथे पेटीतले कागद कुठले राहणार? आग, पूर, वाळवी ही संकटे तर कोणत्याही कार्यालयावर येऊ शकतात. म्हणून एक प्रत कार्यालयात, एक घरी आणि महत्त्वाच्या पानांची छायाप्रत तिसऱ्या ठिकाणी, असे ठेवावे. आजकाल पगाराची बिले शालार्थ किंवा सेवार्थ या संगणक प्रणालींतून निघतात. तिथली माहिती आणि पुस्तकातली माहिती एकच आहे ना, हेही ताडून पाहावे.

आता पुस्तक हातात आले की काय पाहायचे?

पहिले म्हणजे जन्मतारीख आणि नाव. जन्मतारखेत चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज नोकरीत आल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. पुढे कितीही धावपळ केली तरी सहसा उपयोग होत नाही. आपल्या भगिनींनी नावाकडे विशेष लक्ष द्यावे. नेमणूक माहेरच्या नावाने, बँकेचे खाते सासरच्या नावाने आणि आधारपत्रावर तिसरेच, असे पुष्कळदा दिसते. नावातील बदलाची रीतसर नोंद करून घ्यावी.

दुसरे म्हणजे वेतननिश्चिती. आपल्या पश्चिम भागातील शिक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना हे नीट कळले पाहिजे. आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाप्रमाणे, त्या क्षेत्रात असेपर्यंत, एक स्तर वरची वेतनश्रेणी मिळते. बोलीभाषेत आपण तिला ‘एकस्तर’ म्हणतो. बदली होऊन माणूस खाली सपाटीवर आला की हा लाभ थांबतो. तो थांबल्याची नोंद वेळेवर झाली नाही, जादा पगार निघत राहिला आणि निवृत्तीच्या तोंडावर ते उघडकीस आले, तर वसुलीचा कागद हातात पडतो. यात कर्मचाऱ्याला काही संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात सांगितले की, वर्ग तीन व वर्ग चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून, कार्यालयाच्या चुकीने दिलेल्या जादा रकमेची वसुली करू नये. पण न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा बदलीच्या महिन्यातच नोंद तपासणे केव्हाही स्वस्त.

तिसरे, रजेचा हिशेब. घेतलेली रजा, शिल्लक रजा, प्रसूती रजेचे १८० दिवस, वैद्यकीय कारणाची रजा; प्रत्येकीचा मंजुरी आदेश आणि नोंद जुळली पाहिजे.

चौथे आणि सगळ्यांत नाजूक, नामनिर्देशन. माणूस नोकरीला लागतो तेव्हा बहुधा अविवाहित असतो. तो आईचे किंवा वडिलांचे नाव लिहून देतो. पुढे लग्न होते, मुले होतात. कागद मात्र तसाच राहतो. मग एखादा अपघात घडला, की एका बाजूला म्हातारी आई आणि दुसऱ्या बाजूला तरणी विधवा सून अशी एकाच घरातली दोन माणसे कचेरीत समोरासमोर उभी राहतात. हा प्रसंग आपल्या घरावर येऊ नये असे वाटत असेल, तर लग्नानंतर आणि मूल झाल्यानंतर भविष्य निर्वाह निधी, उपदान, गटविमा या प्रत्येकाचे नवे नामनिर्देशन वेगवेगळे भरून द्यावे. एक भरले म्हणजे सगळे झाले, असे नाही.

आता तरुण मंडळी म्हणतील, ‘आम्हाला कुठलं आलंय जुनं निवृत्तिवेतन?’ त्यांचे म्हणणे खरे आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना अंशदानाची नवी योजना लागू झाली. त्यात कर्मचाऱ्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम कापली जाते आणि शासन आपला हिस्सा घालते. या प्रश्नावर मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. त्यानंतर ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने, सेवेत असताना मृत्यू आला तर शासकीय कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला कुटुंबनिवृत्तिवेतनाची सोय झाली. २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने, ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती अशा शासकीय कर्मचाऱ्यांना जुनी योजना निवडण्याची संधी मिळाली. म्हणजे पाहा, नेमणुकीच्या जाहिरातीचा तो पिवळा पडलेला कागद वीस वर्षांनी मोलाचा ठरला. तेव्हा नव्या योजनेतल्यांनी तर कागद अधिकच जपावेत. आपला खाते क्रमांक माहीत असावा, आणि पगारातून कापलेली रक्कम खात्यावर खरोखर जमा होते की नाही, हे दर तीन महिन्यांनी पाहावे. आपल्या संवर्गाला कोणता निर्णय लागू आहे, हे ऐकीव माहितीवर न ठरवता आदेश वाचूनच ठरवावे.

विनाअनुदानित शाळा-महाविद्यालयांतील कर्मचाऱ्यांनाही हक्क नाहीत असे समजू नये. खाजगी शाळांतील शिक्षकांना उपदान मिळावे म्हणून २००९ साली १९७२ च्या उपदान कायद्यात दुरुस्ती झाली. ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली गेली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

चूक सापडली तर करायचे काय? आधी तोंडी सांगावे. कार्यालयातला लिपिक आपलाच माणूस असतो, आणि पुष्कळ गोष्टी चहाच्या पेल्यावर मिटतात. तेवढ्याने झाले नाही तर लेखी अर्ज द्यावा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व सही घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो, आणि त्याचे उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. विद्यापीठ व महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमात तक्रार निवारण समितीची आणि न्यायाधिकरणाची तरतूद आहे. खाजगी शाळेतील कर्मचाऱ्याला बडतर्फ केले किंवा पदावनत केले, तर १९७७ च्या कायद्याप्रमाणे आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ‘पाहू, पुढं बघू’ म्हणण्यात हे तीस दिवस निघून जातात, हे ध्यानात असू द्यावे. कामाच्या ठिकाणी स्त्रीची छेडछाड झाली, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. समितीची अध्यक्ष स्त्रीच असते, आणि एक सदस्य बाहेरचा असतो.

निवृत्तीची तयारी कधी सुरू करावी? नियमाप्रमाणे कार्यालयाने दोन वर्षे आधी सुरुवात करायची असते आणि सहा महिने आधी कागद पुढे पाठवायचे असतात. महाविद्यालयाचे प्रकरण उच्च शिक्षण सहसंचालकांकडून मुंबईच्या महालेखापालांकडे जाते. प्राथमिक शिक्षकाचे प्रकरण पंचायत समितीतून जिल्हा परिषदेकडे जाते. वाट लांबची आहे. घोडेगावहून निघालेला कागद एका सहीसाठी मुंबईहून परत आला, तर दोन-तीन महिने सहज मोडतात.

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. गाव गेले, पण दप्तरात नाव राहिले. माणसाच्या नोकरीचेही तसेच. आपण खुर्चीवरून उठतो, मागे राहते ती नोंद. आणि पुढे घरच्यांना तिचाच आधार असतो. शाळा-महाविद्यालये जूनमध्ये उघडतात, वह्या-पुस्तके नवी येतात. त्याच आठवड्यात एक दिवस ठरवून आपलेही पुस्तक मागून पाहावे. त्यातली जन्मतारीख, पडताळणी, वेतन, रजा आणि नामनिर्देशन ही पाच पाने वाचावीत. घरी गेल्यावर पत्नीला किंवा पतीला जवळ बसवून कोणते कागद कुठे ठेवले आहेत तेही सांगून ठेवावे. एवढ्याला एक संध्याकाळ पुरते.