नडगीचे दुखणे आणि तीन आठवडे

ताडकळसच्या वेशीबाहेर पहाटे पाचच्या सुमारास डांबरी रस्ता जवळजवळ आपल्या एकट्याच्या मालकीचा असतो. दोन्ही अंगांना कापसाची आणि सोयाबीनची काळी राने, दूर एखाद्या आखाड्यावरचा दिवा, क्वचित दुधाच्या कॅन लटकवलेली मोटारसायकल. दुकान उघडण्यापूर्वी या रस्त्यावर धावण्याचा परिपाठ मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी लागला. त्याला आता सहा वर्षे झाली. एवढ्या काळात मी कोणतीही शर्यत जिंकलेली नाही आणि जिंकणारही नाही. तरीही धावणे थांबले की घरातल्या माणसांना माझा स्वभाव सोसावा लागतो, हे कबूल केले पाहिजे.

यंदाच्या पावसाळ्यात ते पुन्हा थांबले. डाव्या नडगीच्या आतल्या अंगाला ठणका लागला आणि डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. हिवाळ्यातील एकवीस किलोमीटरच्या शर्यतीसाठी नाव नोंदवून झाले होते. तक्त्यावर रोजचे अंतर लिहिलेले, आणि त्यात अचानक एकवीस रिकामे चौकोन.

कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. पावसाळ्यात पांदणीने धावता येत नाही. आमची काळी माती चार पावलांत बुटाचे वजन दुप्पट करते. मग सगळे अंतर डांबरावर पडते. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता केलेला असतो. रोज एकाच कडेने धावणाऱ्याचा एक पाय त्यामुळे सतत सखल बाजूला पडतो. त्यातच मी दोन आठवड्यांत अंतर जवळजवळ दीडपट केले होते. उत्साह वाढला की हिशेब सुटतो. दुकानात हे मी कधी होऊ दिले नसते.

येथे शरीराची एक रीत समजून घेतली पाहिजे. हृदय आणि फुप्फुसे नव्या श्रमाला काही आठवड्यांत सरावतात. स्नायूही लवकर तयार होतात. हाडे आणि स्नायूबंध मात्र सावकाश चालणारे. वाढलेला भार सोसण्यासाठी हाड आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग तेथे नवा भरते. घराचा जुना चिरा काढून नवा बसवण्यासारखेच ते काम आहे. मधल्या काळात भिंत कच्ची असते. नेमक्या याच काळात दम टिकू लागलेला असतो आणि धावणाऱ्याला वाटते की आता अंतर वाढवायला हरकत नाही. बहुतेक किरकोळ दुखापतींचा जन्म या दोन गतींच्या फरकात होतो.

चार वर्षांपूर्वी मला हे ठाऊक नव्हते. तेव्हाही नडगीच दुखत होती. सुरुवातीला ठणका सगळ्या नडगीभर पसरलेला असे आणि थोडे धावल्यावर मोकळा होई. पुढे तो एका जागी, बोट ठेवून दाखवता येईल असा स्थिरावला. रात्री अंथरुणावरही जाणवू लागला. हा बदल म्हणजे धोक्याची सूचना असते. मी पट्टी बांधून धावत राहिलो. हाडाला बारीक चीर गेली, आणि दोन आठवड्यांत निभावले असते ते चार महिन्यांवर गेले. शर्यत तर गेलीच. मुलीला शाळेत सोडायला जातानाही लंगडत होतो.

म्हणून यंदा थांबलो. पण शहाण्यासारखा थांबलो, असे मात्र नाही. पहिल्या आठवड्यात चिडचिड इतकी की आई एकदा म्हणाली, “पाय तुझाच आहे ना रे? मग त्याच्याशी वैर कशाला?” मी उत्तर दिले नाही.

त्या दिवसांत मला वारंवार अविनाश साबळे आठवत होते. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे, म्हणजे आपल्या मराठवाड्याचेच. घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी त्यांना पात्र ठरता आले नाही. ती स्पर्धा ऑगस्टमध्ये सुरू झाली. सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पूर्ण करून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. हुकलेली आशियाई स्पर्धा पाच वर्षांनी हांगझाऊला पुन्हा समोर आली आणि तेथे त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी ते पडले. गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. एवढ्या मोठ्या धावपटूच्या गुडघ्याशेजारी माझी नडगी ठेवणे हास्यास्पद आहे, हे जाणतो. परंतु ऑगस्ट २०१८ मध्ये कोणी त्यांच्या वर्षाचा ताळेबंद मांडला असता, तर तो तोट्याचाच निघाला असता. वही महिनाभर लवकर मिटली असती, एवढेच.

दुसऱ्या आठवड्यात मी तक्ता भिंतीवरून काढला आणि मागच्या सहा वर्षांच्या वह्या उघडल्या. खाडे मोजले. ताप, लग्नसराई, दिवाळीतील दुकानाची गर्दी, टाचेचे दुखणे, ती चार महिन्यांची चीर. खाडे माझ्या समजुतीपेक्षा कितीतरी अधिक निघाले. त्यांतील बहुतेक मला आठवतही नव्हते. घडले त्या दिवशी मात्र प्रत्येकाने जेवणाची चव घालवली असणार. आठवडा-दहा दिवसांच्या विश्रांतीने दम फारसा उतरत नाही, तीन आठवड्यांत थोडा उतरतो आणि पुन्हा येतो. हे डॉक्टरांनी सांगितले होतेच, पण पटले ते स्वतःच्या हस्ताक्षरात वाचल्यावर.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांच्या परवानगीने चालायला निघालो. आई म्हणाली, “मी पण येते.” तिच्या चालीने मारुतीच्या पारापर्यंत जायला वीस मिनिटे लागली. वाटेत तिने कोणाच्या रानात तूर उगवून आली आणि कोणाची पेरणी उलटली ते सांगितले. या रस्त्याने मी सहा वर्षे धावत होतो. ती राने कोणाची हे मला ठाऊक नव्हते.

बाविसाव्या दिवशी दोन किलोमीटर धावलो; एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे, असे. जाताना रस्त्याची एक कड धरली, परतताना तीच ठेवली, म्हणजे सखल बाजू पायांत वाटली जाते. नडगी थोडी कुरकुरली, मग गप्प बसली. हिवाळ्यातील शर्यतीचे शुल्क परत मिळत नाही, तेव्हा त्या दिवशी एकविसाऐवजी दहा किलोमीटरच्या रांगेत उभे राहता येईल का, याची चौकशी केली आहे.