कागद नाहीत म्हणून दावा सोडू नका

डिसॅबिलिटी पेन्शनचा अर्ज फेटाळला गेलेल्या माजी सैनिकांकडून सातारा-कोल्हापूरकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "दवाखान्याचे कागदच नाहीत आपल्याकडं, आता कशाच्या जोरावर भांडायचं?" जवानानं असं म्हणावं हे समजू शकतं. पण त्याला सल्ला देणारे जाणकारही जेव्हा तेच सांगतात, तेव्हा संताप येतो. या एका समजुतीपायी कितीतरी माणसं पहिला नकार हाच शेवटचा निकाल मानून घरी बसली आहेत.

आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याचा भार सर्वसाधारणपणे जवानावर नसतो. 1982 च्या पात्रता नियमांतला नववा नियम सांगतो की दावेदाराकडे पुरावा मागायचा नाही, आणि वाजवी शंका उरली तर तिचा फायदा त्यालाच द्यायचा. पाचवा नियम तर आणखी महत्त्वाचा. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत जो दोष नोंदलेला नाही, तो त्या वेळी नव्हता असं गृहीत धरायचं. पुढे वैद्यकीय कारणानं जवान सेवेबाहेर पडला, तर तब्येतीची घसरण सेवेमुळे झाली असं मानायचं.

म्हणजे अशा प्रकरणात सगळ्यात वजनदार कागद भरतीच्या तपासणीचा असतो. तो जवानाच्या ट्रंकेत नसतो, लष्कराच्या दप्तरी असतो. त्यात आजाराची नोंद नसणं हाच जवानाचा आधार. ज्या कोऱ्या जागेला आपली माणसं घाबरतात, ती त्यांच्याच बाजूनं उभी असते.

धरमवीर सिंग यांचं प्रकरण पाहा. 1985 मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती, पुढे अपस्माराचे झटके, आणि 1994 मध्ये 20 टक्के अपंगत्व नोंदवून बोर्ड आऊट. आजार प्रकृतीतलाच आहे, सेवेशी त्याचा संबंध नाही, असा शेरा मारून पेन्शन नाकारली गेली. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती आणि मेडिकल बोर्डानं आपल्या मताची कारणं दिलेली नव्हती, हे त्यातले कळीचे मुद्दे. 2015 मध्ये राजबीर सिंग यांच्या प्रकरणात न्यायालयानं हेच सूत्र कायम ठेवलं.

म्हणून अपील लिहिताना नजर आधी बोर्डाच्या कारणांवर ठेवावी. हा आजार भरतीच्या तपासणीत कळणं शक्यच नव्हतं, असं डॉक्टर म्हणू शकतात. मात्र चौदाव्या नियमानुसार त्यांना त्याची कारणं लिहावी लागतात. नुसतं "सेवेशी संबंध नाही" एवढं लिहून भागत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. 2019 मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात, स्किझोफ्रेनिया भरतीच्या वेळी लक्षात येणं कठीण असतं, हे न्यायालयानं मान्य केलं आणि पेन्शनचा दावा फेटाळला. प्रत्येक दावा मंजूर होतोच असं कुणी सांगत असेल, तर तेही खोटंच आहे.

कागदांची भीती खरी ठरते ती एका ठिकाणी. 2008 च्या नियमांप्रमाणे, सेवा संपून 15 वर्षं उलटल्यावर दावा केला आणि तोवर मुदतीनुसार कागद नष्ट झालेले असले, तर सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो. म्हणून तोवर थांबू नये. माहितीच्या अधिकारात भरतीचा तपासणी अहवाल, मेडिकल बोर्डाची कार्यवाही आणि पोस्टिंगच्या नोंदी रेकॉर्ड ऑफिसकडे मागाव्यात. कुठल्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये कोणत्या साली दाखल होतो, हे आठवून लिहून द्यावं. दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद मागावेत. त्या वेळी सोबत असलेल्या साथीदारांची प्रतिज्ञापत्रंही जोडावीत. आणि एक खबरदारी : 21 सप्टेंबर 2023 पासून सेवेबाहेर पडणाऱ्यांना 2023 चे नवे नियम लागू आहेत. त्यांनी जुन्या निकालातले नियम क्रमांक जसेच्या तसे उतरवू नयेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

लढाईत जखम झाली तरच पेन्शन मिळते, हे चूक. युद्धातल्या जखमेसाठी वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी आहे. शांत ठिकाणी जडलेला आजार तेवढ्यानं बाद होत नाही.

सुटीवरचा कुठलाही अपघात चालतो, हेही चूक. सेवेशी त्याचा काहीतरी संबंध दाखवावा लागतो.

दिल्लीला खेटे घालावे लागतात, असंही सांगितलं जातं. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. मात्र आधी खात्याकडचं पहिलं आणि दुसरं अपील करावं, आणि नकाराच्या पत्रावरची मुदत बघावी.

फार वर्षं झाली, आता काही उपयोग नाही? 2008 च्या तरसेम सिंग निकालानं पेन्शन न देणं ही चालू राहणारी चूक मानली. थकबाकी मात्र साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते, त्यामुळे उशिराचा प्रत्येक महिना जवानाच्या खिशातून जातो.

पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांना टक्केवारी वाढवून मिळत नाही, ही समजूत 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालानं मोडीत काढली. सेवेशी संबंध मान्य झालेलं 20 टक्के अपंगत्व पेन्शनसाठी 50 टक्के धरलं जातं, आणि हा लाभ मुदत पूर्ण करून घरी आलेल्यांनाही आहे.